नक्षी शाबूत, पण टायर जुने: बदलावेत की चालवावेत?

वऱ्हाडकर:
माझी हॅचबॅक २०१७ सालची असून टायर मूळचेच आहेत. निवृत्तीनंतर गाडी बाजारहाट आणि क्वचित अमरावतीची फेरी एवढ्यापुरतीच निघते. एरवी ती नागपूरच्या उन्हात इमारतीसमोर उघड्यावर उभी असते. नक्षी भरपूर शिल्लक आहे, मात्र साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, रिमच्या कडेने केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. पुढील महिन्यात समृद्धी महामार्गाने मुंबईला जायचे आहे. टायरवाला चारही टायर बदला म्हणतो, तर शेजाऱ्यांच्या मते टायर गोटा होईपर्यंत पैसे घालवण्याचे कारण नाही. कोणाचे ऐकावे?

चाकोरी:
शेजाऱ्यांचा निकष रोज धावणाऱ्या टॅक्सीला लागू पडतो, कारण तिचे टायर म्हातारे होण्याआधीच झिजतात. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. आपल्या गाडीचे टायर त्या अवस्थेला येण्यापूर्वीच वयाने बाद होतील.

रबरात भेगा पडू नयेत म्हणून मेण आणि ओझोनरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. टायर धावताना दबतो, ताणला जातो आणि ही द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात. उभ्या गाडीत ही क्रिया मंदावते. त्यात ऊन आणि ओझोनचा मारा चालूच असतो. ऑक्सिजनमुळे रबर आतूनही कडक होत जाते, ते मात्र बाहेरून दिसत नाही. कडक रबराची ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते, आणि नक्षीखालच्या, टायरच्या आतील पट्ट्यांमधील चिकटण क्षीण झाली, तर भर वेगात नक्षीचा थर सुटू शकतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. हा वेग तासन्‌तास राहिला, की टायर तापतो, आणि हवा कमी असेल तर साइडवॉल अधिक दबून आणखी तापतो. बाजारहाट करताना न जाणवलेला अशक्तपणा अशा ठिकाणीच बाहेर येतो.

आधी निर्मितीची तारीख पाहावी. साइडवॉलवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ‘२२१७’ म्हणजे २०१७ सालचा बाविसावा आठवडा. बाहेरच्या बाजूला आकडे नसतील, तर ते आतल्या बाजूला असतात आणि गाडी रॅम्पवर चढवूनच वाचावे लागतात. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याचा आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांनी टायर बदलण्याचा सल्ला देतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षेच सांगतात.

घाटमार्ग:
वरील माहिती योग्य आहे, परंतु प्रत्येक भेगेला घाबरून दुकानात धाव घेणेही बरे नव्हे. वरवरच्या केसभर भेगा आणि नख अडकेल इतक्या खोल भेगा यांत फरक आहे. खोबणीच्या तळाशी भेगा असतील, आतले धागे दिसत असतील किंवा खड्ड्यात आदळून साइडवॉलला फुगा आला असेल, तर वय कितीही असो, तो टायर काढावा. टायर चमकवणारे पॉलिश लावलेले असेल, तर ते धुऊन मगच पाहावे, कारण त्याखाली भेगा लपतात. नायट्रोजन भरला म्हणजे टायर म्हातारा होत नाही, या समजुतीवर विसंबू नये. बाहेरच्या बाजूने ऊन आणि हवा लागतच असते.

वऱ्हाडकर:
रॅम्पवर आकडे वाचले. चारही टायर २०१७ चेच आहेत, आणि मागच्या दोन टायरांत खोबणीच्या तळाशीही भेगा आहेत. स्टेपनी कधीच वापरलेली नाही, त्यामुळे तीच एका चाकाला लावून तीन नवे घ्यावेत का?

चाकोरी:
स्टेपनीही त्याच वर्षाची असेल, तर न वापरल्याने तिचे वय कमी होत नाही. मुंबईच्या प्रवासापूर्वी चारही नवे घ्यावेत आणि बिल देण्याआधी त्यांचे आकडे वाचावेत. सावलीत, नीट साठवलेला काही महिन्यांपूर्वीचा टायर घेण्यास हरकत नाही. पुढे कधी दोनच बदलायचे झाले, तर नवी जोडी मागे बसवावी, कारण ओल्या वळणावर मागची चाके आधी सुटली, तर गाडी सावरणे अधिक कठीण असते. नव्या टायरांबरोबर व्हॉल्व्हही बदलून घ्या, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यानुसार हवा भरा. स्टेपनीत भेगा नसतील, तर ती जवळच्या दुकानापर्यंत हळू चालवण्यापुरती ठेवता येईल. तिची हवाही त्याच वेळी तपासून घ्या.