रोटेशन आत्ताच बदलून मागा
सातवा महिना लागला आणि डॉक्टर नवऱ्याचं सर्जरीचं रोटेशन (ठरावीक काळ एकाच विभागात करायची ड्युटी) सुरू झालं, घरात असूनही एकटी पडलेय, हे तुमचं वाचून गलबलून आलं. मीही यातून गेलेय. ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही कळा सुरू होऊ शकतात, त्या काळात रात्रीच्या ड्युट्या कमी असलेलं रोटेशन त्यांना आत्ताच मागू दे. ऐन वेळी बदलून मिळणं फार कठीण. ऑपरेशन चालू असताना ते फोन उचलू शकणार नाहीत, म्हणून वॉर्डचा नंबर फ्रिजवर चिकटवा, सोबत येणारं दुसरं माणूसही ठरवून ठेवा.

माझा नवरा पहाटे यायचा, कपडे बदलून पोटावर हात ठेवायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. बाळाने लाथ मारली की दचकून उठायचा. ती पाच मिनिटं आमची असायची. रडू आलं तर त्यांच्यासमोरच रडा हो, लपवू नका.