मदत हवी आहे: बीजगणितासाठी एकाहून जास्त उत्तरांची संख्याकोडी

सई_मुलुंड: शनिवारी सोसायटीतली मुलं माझ्याकडे गणिताला बसणार आहेत. ‘मनात एक संख्या धरा, दुप्पट करा, ६ मिळवा’ छापाची कोडी नकोत. उत्तर आलं की मुलं उठून पळतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, वाद होतील आणि शेवटी अक्षर वापरल्याशिवाय सुटका होणार नाही, असं काहीतरी हवंय. ‘गुगल करा’ सांगू नका, करून झालंय.

पार्लेकर: कितवीची मुलं? मराठी की सेमी? काहीच सांगितलं नाहीत.

दशमान: आधी तीसपर्यंत पाढे पाठ करून घ्या. पाढे कच्चे असले की बीजगणित जमतच नाही. माझ्या दोन्ही मुलांचा अनुभव आहे.

बोरिवली_फास्ट: पाढ्यांचा इथे काय संबंध? सईताई, मनोरा द्या. तळाला तीन चौकटी, शेजारच्या दोघींची बेरीज वरच्या चौकटीत, शिखरावर ५०. एक जण १०, १५, १० लिहील, दुसरा १२, ९, २०. दोन्ही बरोबर. मग विचारा, टोकाच्या दोन संख्यांची बेरीज नेहमी समच का येते? तळाच्या संख्या अ, ब, क धरून अ + २ब + क = ५० लिहिलं की कारण दिसतं.

सई_मुलुंड: सातवी, सेमी. पण हे समीकरण मीच फळ्यावर लिहिलं तर मुलांनी काय करायचं?

बोरिवली_फास्ट: तुम्ही लिहूच नका. मधली संख्या १ ने वाढवली तर शिखर कितीने वाढतं, एवढंच विचारा. टोकाची वाढवली तर? मधली दोनदा मोजली जाते हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

निवृत्त_मास्तर: गणितज्ञ कापरेकरांना कसं विसरलात? देवळालीच्या शाळेत शिकवत होते. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक एकच (जसे २२२२) नसले की फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

बोरिवली_फास्ट: सर, सुंदर आहे, पण त्यामागचं बीजगणित सातवीला झेपणार नाही. मुलं नुसती वजाबाकी करत बसतील. त्यापेक्षा दोन अंकी संख्या उलटी करून वजा करू द्या. ७२ − २७ = ४५. दशकाचा अंक अ, एककाचा ब धरला की (१०अ + ब) − (१०ब + अ) = ९(अ − ब). हे त्यांना स्वतःला मांडता येतं.

निवृत्त_मास्तर: आधी नवल वाटलं पाहिजे, मांडणी मागाहून येते. वर्गात मी हेच पाहिलंय.

दादर_पश्चिम: होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी घेताय का? ती सहावी आणि नववीला असते, सातवीला नाही.

सई_मुलुंड: कुठलीही परीक्षा नाही हो! मनोरा पक्का. आता एकच सांगा, तळाला ऋण संख्या चालू द्यायच्या का? मग उत्तरं संपायचीच नाहीत.

पार्लेकर: पहिल्या फेरीत नको. धन पूर्ण संख्याच ठेवल्या तर मधली २४ च्या वर जात नाही, ते त्यांना शोधू दे. मग कोणी आपणहून विचारलं की ७०, −१५, १० द्या आणि ५० येतात का बघायला सांगा.