जेवण चांगलं होतं, तरी ते वाईट का आठवतं?

सावकाश

मागच्या शनिवारी आईच्या वाढदिवसाला आम्ही पाच जण बाहेर जेवायला गेलो. आई, बाबा, ताई, भावजी आणि मी. टेबल आधी सांगून ठेवलं होतं, ते वेळेवर मिळालं. सूप उत्तम, ब्रेड गरम. इथपर्यंत तक्रार नाही.

मग चार प्लेटा आल्या. पाचवी आलीच नाही, आणि ती नेमकी आईची.

वेटर म्हणाला, "येतेय, दोनच मिनिटं." आता चौघांपुढे वाफाळतं जेवण आणि जिच्यासाठी आलो तिच्यापुढे नुसता काटा-चमचा. आई म्हणतेय, "सुरू करा रे, गार होईल." बाबा म्हणताहेत, "तुझं येऊ दे." मी दोन घास खाल्ले आणि थांबलो. ताईने एकच घेतला, तोही चोरी केल्यासारखा गिळला. दहा मिनिटांत बाबांच्या प्लेटमधल्या सॉसवर साय धरली. ती साय ते काट्याच्या टोकाने एका कडेला गोळा करत बसले होते. वेटर तीनदा शेजारून गेला आणि तिन्ही वेळा त्याला स्वतःच्या ट्रेमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी दिसत होतं.

बावीस मिनिटांनी आईचा मासा आला. तोवर तिच्याच आग्रहामुळे आम्ही आमचं गार जेवण कसंबसं संपवलं होतं. लगेच दुसरा एक मुलगा येऊन आमच्या प्लेटा उचलायला लागला. म्हणजे आई जेवतेय आणि तिच्याभोवतीचं टेबल पुसलं जातंय. तिने अर्धा मासा ठेवला. "भरलं पोट," म्हणाली. बिल यायला आणखी पाव तास.

परतताना गाडीत जेवणाचा विषयच निघाला नाही. ताईने रात्रीच एक तारा देऊन "अन्न बेचव" असं लिहून टाकलं. माझं इथेच अडलंय. अन्न बेचव नव्हतं. ते पहिले दोन गरम घास खरंच सुंदर होते. आत भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला एक तारा का? पण आता ती चव आठवायला जावं तर मलाही वाईटच आठवते. हे काय होतं नेमकं? आणि तेव्हा मी काय करायला हवं होतं?

माजी_कॅप्टन

अकरा वर्षं हॉटेलचा हॉल सांभाळलाय, म्हणून आधी एक विचारतो. आईंनी ऑर्डरमध्ये काही बदल सांगितला होता का? हे नको, ते वेगळं द्या, असा?

सावकाश

हो! माशावर सॉस नको म्हणाली होती. तुम्हाला कसं कळलं?

माजी_कॅप्टन

बहुतेक तिथेच माशी शिंकली. पाचही पदार्थ एका केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, असले की पासवरचा, म्हणजे किचनमधून प्लेटा बाहेर सोडतात त्या काउंटरवरचा, माणूस पाचही प्लेटा जमल्याशिवाय एकही सोडत नाही. त्याचं कामच ते. पण वेटरला बदल मागाहून आठवला आणि त्याने वेगळी केओटी पाठवली, तर किचनच्या लेखी ती स्वतंत्र ऑर्डर, आणि ती रांगेत शेवटी. किंवा मासा सॉस घालूनच निघाला, पासवर कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून टाकावा लागला.

अशा वेळी तयार चार प्लेटांचं काय करायचं हा खरा पेच असतो. पासवरच्या गरम दिव्याखाली ठेवल्या तर आतल्या उष्णतेने शिजणं चालूच राहतं आणि वरून पदार्थ कोरडा पडतो. पाठवल्या तर तुमच्यासारखं होतं. यात बरा मार्ग एकच: टेबलापाशी जायचं आणि खरं सांगायचं. "चूक आमची आहे, मासा पुन्हा टाकलाय, पंधरा मिनिटं लागतील. बाकीच्या प्लेटा ठेवू की थांबवू?" निर्णय गिऱ्हाइकाचा. आणि आईंपुढे लगेच काहीतरी ठेवायचं, वाटीभर सूप का होईना. एकाच माणसापुढची जागा रिकामी राहता कामा नये.

"दोन मिनिटं" हे वेळेचं माप नव्हे. त्याचा अर्थ "मी आत जाऊन विचारलेलं नाही."

प्लेटा उचलण्याबद्दल तर बोलूच नका. टेबलावरचा शेवटचा माणूस काटा खाली ठेवेपर्यंत एकाही प्लेटला हात लावायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. वाट बघायला लावणं एक वेळ मी माफ करीन, हे नाही.

आणि तुमची ताई पूर्ण चुकली असंही नाही. गार झालं की पदार्थाची वाफ कमी होते, वाफेबरोबर नाकापर्यंत पोचणारा वासही कमी होतो, आणि चवीतला मोठा वाटा त्या वासाचाच. वरची स्निग्धता थिजते, सॉस घट्ट होतो. स्वयंपाक्याने पाठवलेला पदार्थ आणि तुमच्या बाबांनी खाल्लेला पदार्थ एकच नव्हता.

घड्याळजी

वाट बघण्यावर डेव्हिड मायस्टर यांचा 1985 चा एक गाजलेला लेख आहे. हातात काही उद्योग नसताना बघितलेली वाट जास्त लांब वाटते. किती वेळ लागेल हे माहीत नसेल तर आणखी लांब. कारण कळलं नाही तर आणखी. आणि आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं की विचारूच नका. तुमच्या आईंच्या बावीस मिनिटांत हे सगळं एकदम आलंय.

आठवणीचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा प्रयोग बघा. लोकांना एकदा 14 अंशांच्या गार पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद, वर आणखी 30 सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेलं. नंतर विचारलं, यातलं पुन्हा काय कराल? बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, म्हणजे एकूण त्रास जास्त असलेलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आठवण सरासरी काढत बसत नाही, सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवते. तुमच्याकडे तीव्र क्षण म्हणजे पाचवी प्लेट, शेवट म्हणजे बिलाचा पाव तास. बिचारं सूप मध्येच बुडालं.

सरळसोट

एवढं ऐकून कशाला घेतलंत? पाचव्या मिनिटाला मॅनेजरला बोलवायचं. आपण गप्प बसतो म्हणून यांचं फावतं.

सावकाश

आईच्या वाढदिवशी, आईसमोर? मी आवाज चढवला असता तर तिने पर्स उचलली असती आणि "चला घरी" म्हणाली असती. तिला तमाशाचं भारी वावडं. मी दोनदा खुर्ची मागे सरकवली, दोन्ही वेळा तिने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

ट्रेवाली

मी वेटर आहे, संध्याकाळच्या पाळीला. त्या मुलाची बाजू घेत नाही, पण तो ट्रेकडे का बघत होता ते सांगते. तुमच्या नजरेला नजर दिली की तुम्ही विचारणार, आणि त्याच्याकडे उत्तर नाही. उत्तर आणायला आत जावं तर शनिवारच्या गर्दीत शेफ खेकसणार. दोन्हीकडून शिव्या, त्यापेक्षा ट्रे बरा. चूकच आहे, मीही केलीय. नवी असताना एका आजोबांना अशीच टाळत राहिले. शेवटी ते स्वतः उठून किचनच्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बाळ, नाही मिळणार असं सांगितलंस तरी चालेल." त्यानंतर नाही टाळलं कोणाला.

तिथे काय करायला हवं होतं, तर भांडायचं नाही, हळूच उठायचं. हात धुवायला जातो म्हणून काउंटरपाशी जाऊन सांगायचं, "एक प्लेट राहिलीय, आईचा वाढदिवस आहे." टेबलावर कोणाला कळतही नाही आणि तुम्ही परत बसेपर्यंत आत धावाधाव सुरू झालेली असते. आणि हे बिल भरायच्या आत. बिल झालं की ते टेबल आमच्या डोक्यातून पुसलं जातं, तिथे पुढची माणसं बसलेली असतात.

सावकाश

सगळ्यांचे आभार. हात धुवायला उठायचं हे मला सुचलं नाही याचं आता हसू येतंय.

ताईशी बोललो. माजी_कॅप्टन यांचं "एकच पदार्थ नव्हता" तिला फार आवडलं, म्हणजे तारा काही वाढणार नाही. पण "बेचव" काढून तिने "आलं तेव्हा छान होतं, खाल्लं तेव्हा नाही, मधली बावीस मिनिटं कोणी काही सांगितलं नाही" असं लिहिलंय. मी मंगळवारी सकाळी, गर्दी नसताना, फोन केला. मॅनेजरने टेबल आणि वेळ विचारली, दोन मिनिटांनी (खरोखरच्या) परत आले आणि म्हणाले, मासा दुसऱ्यांदा टाकावा लागला होता, सॉसमुळे.

संध्याकाळी हे आईला सांगितलं. म्हटलं, बघ, तुला बिनसॉसचा मिळावा म्हणूनच उशीर झाला होता.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सॉस होता की त्यावर."