महिंद्रा युनायटेड: मुंबईचा हा भारतविजेता क्लब गेला कुठे?

सायली_अंधेरी

नमस्कार मंडळी. मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबची चाहती. फुटबॉल बघायला लागले ते २०१४ नंतरच, त्यामुळे त्याआधीचं मला फारसं ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात मामाचं कपाट आवरताना एक जाड वही मिळाली. पानापानावर वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळी एकाच संघाची. लाल जर्सी, नाव महिंद्रा युनायटेड. काही इंग्रजी कात्रणांत त्यांना 'जीपमेन' म्हटलंय. २००६ च्या एका पानावर मामाने लाल पेनाने लिहिलंय, "भारतात पहिले!" शेवटचं कात्रण २०१० चं. त्यापुढची पानं कोरी आहेत.

मामा आता नाही, त्यामुळे त्याला विचारता येत नाही. हा संघ खरोखर देशाचा विजेता होता का? मग आज तो कुठे आहे? मुंबई सिटी हे त्याचंच पुढचं रूप का? आणि एखादा माणूस एका कंपनीच्या संघासाठी इतकी वर्षं कात्रणं का कापत बसेल?

मधलीफळी

हो, २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग त्यांनी जिंकली. क्लब २०१० मध्ये बंद झाला. मुंबई सिटीशी काही संबंध नाही, ती २०१४ ची वेगळी स्थापना.

बाकी तो शेवटी ऑफिसचाच संघ होता. तेव्हा मुंबईत बँका, रेल्वे, एअर इंडिया, सगळ्यांचे असे संघ असायचे. त्यामुळे क्लब म्हणून मागे काही उरलं नाही.

कूपरेज_डावीकडे

सायली, तुझ्या मामांना मी कदाचित पाहिलंही असेल. दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानाच्या लाकडी स्टँडमध्ये आम्ही नेहमी येणारे पन्नास-साठ लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखायचो, नावाने नाही.

मी एका बँकेच्या संघातून हारवूड लीग, म्हणजे मुंबईची स्थानिक लीग, खेळलो, लेफ्ट बॅक. ऐंशीच्या दशकात महिंद्राविरुद्ध तीनदा खेळलो आणि तिन्ही वेळा हरलो. एकदा दोन गोल माझ्याच बाजूने गेले होते. त्यामुळे वरच्या उत्तरातलं 'ऑफिसचाच संघ' हे मला अर्धंच पटतं. सुरुवात तशीच झाली. १९६२ मध्ये कंपनीचा संघ उभा राहिला आणि पुढची कित्येक वर्षं तो कंपनीच्याच नावाने खेळला. त्या काळात मुंबईत चांगल्या खेळाडूचं पोट भरायचं ते अशाच नोकऱ्यांवर. सकाळी सराव, मग टेबलावर फायली, संध्याकाळी मॅच. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, सेंट्रल बँक असे कितीतरी संघ होते. पण त्या सगळ्यांत महिंद्रा एकटाच पुढे जाऊन पुरता व्यावसायिक क्लब झाला. १९९८ ला दिल्लीत ड्युरँड कप जिंकला, २००१ ला पुन्हा. दरम्यान नाव बदलून महिंद्रा युनायटेड झालं. २००३ ला फेडरेशन कप, तीही देशभरातल्या क्लबांची स्पर्धा. तोवर आम्ही मुंबईकर म्हणायला लागलो होतो की हे लोक नॅशनल लीगही जिंकतील.

लीग जिंकणं म्हणजे काय, हे आज कळणं कठीण आहे. नॅशनल लीग १९९६-९७ ला सुरू झाली. पहिल्या नऊ हंगामांपैकी सहा मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनीच वाटून घेतले. दोन गोव्याला गेले, साळगावकर आणि डेम्पो. पहिला तेवढा पंजाबच्या जेसीटीला. मुंबई कुठेच नाही. रोव्हर्स कपसारखी जुनी स्पर्धा १८९१ पासून ज्या शहरात खेळली गेली, त्या शहराला आपला विजेता नव्हता! आणि दहाव्या हंगामात तो मिळाला. त्याच हंगामात २००५ चा फेडरेशन कपही घरी आला होता. तुझ्या मामांच्या लाल पेनाचं कारण हे.

त्या संघाबद्दल लिहायला बसलो की हात थांबत नाही. प्रशिक्षक डेरिक परेरा, गोव्याचा जुना डिफेंडर, शांत माणूस. पुढे ब्राझीलचा होजे रामिरेझ बरेटो आणि घानाचा युसुफ याकुबू. बरेटो मोहन बागानचा देवच, पण मधल्या काळात तो आमच्याकडे होता, हे कोलकात्याचे लोक विसरतात. बॉल त्याच्या पायाशी आला की मैदानावरचे बाकी सगळे घाईत आहेत असं वाटायचं. याकुबू अगदी वेगळा, तो बॉल अंगावर घेऊन वळायचा आणि स्टॉपर बॅक मागे राहायचा. मागे महेश गवळी. मधे केरळचा एन. पी. प्रदीप. २००७ च्या नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्धचा एकमेव गोल मारणारा तो हाच. भारताने तो चषक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा प्रदीप महिंद्राचा खेळाडू होता.

आणि राइट विंगला स्टीव्हन डायस, आपला मुंबईचा पोरगा. मी कूपरेजला नेहमी डाव्या कोपऱ्यात बसायचो, कारण हाफ टाइमनंतर तो माझ्यासमोरून धावायचा. एक खेळलेला लेफ्ट बॅक म्हणून सांगतो, त्याला अडवायचं कसं हे मी स्टँडमध्ये बसून शेकडो वेळा मनात करून बघितलं. तो आत वळणार असं वाटायचं, बॅकचं वजन आतल्या पायावर जायचं, आणि तेवढ्यात क्रॉस निघून गेलेला असायचा. माझ्या शेजारी एक गृहस्थ असायचे. ते क्रॉस निघायच्या आधीच उभे राहायचे. कायम.

खालिद जमीलही त्या दिवसांत महिंद्रातच होता. हाच पुढे २०१६-१७ ला मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग (नॅशनल लीगचंच पुढचं रूप) जिंकून देणारा, आणि २०२५ पासून भारतीय संघाचा प्रशिक्षक.

नंतरही क्लब मागे पडला नाही. आयएफए शील्ड २००६ आणि २००८, म्हणजे थेट कोलकात्यात जाऊन. २००८ ला तिसरा ड्युरँड. २००७ च्या एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, उपांत्यपूर्व फेरी, तिथे लेबनॉनच्या नेजमेहने अडवलं. बंद झाला तो असा संघ. खाली घसरला, हरत गेला, मग बंद केला, असं झालेलं नाही. म्हणून ते अजून लागतं.

पेठेतला_गोली

कूपरेजवाले काका, वाचून मजा आली. कोल्हापूरहून लिहितोय.

एक गोष्ट मला कायम वाटते. आमच्याकडं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं पेठेची, तालमीची आहेत. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ उठून जाते. पैसा कमी, लीग जिल्ह्यापुरती, पण टीम बंद करायची म्हटली तर पेठ करू देणार नाही. तुमच्या महिंद्राची पेठ कुठली होती? कांदिवलीचा कारखाना? का कूपरेज?

आणि आमचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला. असल्या पोरांना तेव्हा महिंद्रासारखा क्लब महाराष्ट्रातच मिळाला असता तर?

मधलीफळी

'ऑफिसचाच' हा शब्द मागे घेतो. शील्ड आणि ड्युरँड एकाच वर्षात जिंकले होते हे माहीत नव्हतं. पण बंद करण्यामागे नेमकं काय होतं? तेव्हा मंदीही होती ना?

कूपरेज_डावीकडे

कोल्हापूरकर, तुमचा प्रश्न बरोबर वर्मी लागला. पेठ नव्हती. क्लबचं मैदानही स्वतःचं नव्हतं. कूपरेज वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचं. चर्चगेटला उतरून ऑफिसला जाणारे लाखो लोक त्याच्या शेजारून जायचे आणि आत मॅच आहे याचा त्यांना पत्ता नसायचा. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी भर दुपारी मॅच! मी अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून जायचो. वर्षाच्या शेवटी गावी जायला रजा उरायची नाही, यावरून घरी बोलणी खाल्ली आहेत.

मंदीचं मला ठरवून सांगता येणार नाही. जे उघड दिसत होतं ते सांगतो. तिकिटाचे पैसे नगण्य. टीव्हीचे त्याहून कमी. कोलकाता, गोवा, पंजाब असे दौरे, परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, राहणं, जेवण, सगळा खर्च कंपनीच्या तिजोरीतून. २००७-०८ ला नॅशनल लीगची आय-लीग झाली आणि त्यासोबत आशियाई महासंघाचे परवान्याचे नियम आले: क्लब वेगळी संस्था हवी, वयोगटांचे संघ हवेत, मैदान हवं. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी याच निकषांवर आय-लीगबाहेर गेले. जेसीटीने त्याआधीच, २०११ मध्ये संघ गुंडाळला होता. महिंद्राने २०१० ला सांगितलं की हंगाम संपला की व्यावसायिक संघ थांबवणार आणि शालेय फुटबॉलवर भर देणार. शाळांच्या स्पर्धा मी पाहिल्यात, पोरं छान खेळायची. पण शाळेतल्या पोराला रविवारी कुणाकडे बोट दाखवून सांगायचं की असं व्हायचंय?

तरीही एक मी ठामपणे म्हणेन. अठ्ठेचाळीस वर्षं एका कंपनीने फुटबॉल चालवला. ज्यांनी कधी चालवलाच नाही त्यांना कुणी जाब विचारत नाही. माझा राग कंपनीवर नाही. सव्वा कोटी मुंबईकरांपैकी दहा हजार जरी आत येऊन बसले असते, तर बंद करताना कुणाला तरी दोनदा विचार करावा लागला असता.

त्यानंतर मुंबईचा भार मुंबई एफसीवर आला. २००७ चा क्लब, याकुबूही नंतर तिथे खेळला. पण कूपरेज उपलब्ध नाही म्हणून त्यांना घरच्या मॅच पुण्याला, बालेवाडीत खेळाव्या लागल्या. मुंबईचा क्लब, आणि घर दीडशे किलोमीटरवर. २०१७ ला तोही आय-लीगमधून खाली गेला. पुण्यातही तेच. डेरिक परेरा महिंद्रानंतर पुणे एफसीला गेले, २०१२-१३ ला तो संघ आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि काही वर्षांत क्लबच राहिला नाही. पुणे सिटीही २०१९ नंतर नाही.

सायली, मुंबईला पुढचं लीग विजेतेपद मिळालं ते तुझ्या मुंबई सिटीकडून, २०२०-२१ ला. मधे पंधरा वर्षं गेली. अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अगदी शेवटी गोल मारला तेव्हा मी घरात एकटा उभा राहिलो. करोनामुळे मॅच गोव्यात होती, प्रेक्षक नव्हते. शेजारच्या त्या गृहस्थांची फार आठवण झाली.

सायली_अंधेरी

काका, हे सगळं दोनदा वाचलं, एकदा आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, मामा बँकेत नव्हता, चर्चगेटला एका सरकारी कार्यालयात होता, आणि त्याच्याही रजा कधी उरायच्या नाहीत. कशात जातात हे त्याने घरी कधी सांगितलं नाही.

एक विचारायचं राहिलं. वहीच्या आतल्या कव्हरला बारा-पंधरा तिकिटांचे तुकडे टाचलेत. काहींच्या मागे त्याने पेन्सिलने 'डा' लिहिलंय, काहींच्या मागे 'या'. हे डायस आणि याकुबू असेल का? गोल कुणी मारला ते?

कूपरेज_डावीकडे

'या' म्हणजे याकुबूचा गोल असणार. 'डा' मात्र मला गोल वाटत नाही. डायस गोल कमी मारायचा, करून जास्त द्यायचा. तो क्रॉसचा हिशेब असावा.

तुझे मामा उंच होते का? पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी? मॅच संपली की पिशवीतून वर्तमानपत्र काढून त्यात तिकीट नीट ठेवायचे?