मदत हवी आहे: आईला विमानातल्या टर्ब्युलन्सची भीती, सीट कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन विमानाने जायचंय पण मागच्या वेळी ढगातून उतरताना विमान असं हादरलं की तिने आर्मरेस्ट घट्ट धरला तो चाकं टेकेपर्यंत सोडलाच नाही, बोटं पांढरी पडलेली, तेव्हापासून विमानाचं नाव काढलं तरी नको म्हणते.

दुपारी जमीन तापून गरम हवा वर चढते म्हणून सकाळी हादरे कमी बसतात आणि पंखाजवळची सीट शेपटीकडच्यापेक्षा कमी हलते, एवढं माहितीये, तसंच बुकिंग बघतोय. खरी काळजी आहे ती निरभ्र आभाळातल्या टर्ब्युलन्सची, जेट स्ट्रीमजवळ (खूप उंचावर जोरात वाहणारा वाऱ्याचा पट्टा) वगैरे होतं ते, तिथे ढग नाहीत, पाण्याचे थेंब नाहीत म्हणून रडारवर दिसत नाही, मग पायलटला आधी कळतं कसं? पुढच्या विमानांनी सांगितलं तरच का?

आणि पंख वरखाली हलताना दिसले की आई जास्तच घाबरते, ते मुद्दाम लवचिक बनवतात हे तिला पटेल असं सोप्या शब्दात कोणी सांगाल का? बेल्ट पूर्ण वेळ बांधूनच बसणार, त्यात तडजोड नाही. केबिन क्रूला आधी सांगून ठेवलं तर ते लक्ष देतात का? ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी प्लीज अनुभव सांगा.