अनुभव धागा: हाताखाली फौज हवी, पण कुठली?

आमच्या कोथरूडच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर (फासे टाकून, गोष्ट रचत खेळायचा खेळ) माझी भाची येतेय. नववीत आहे, डोकं तल्लख. तिला असं कॅरेक्टर हवंय की स्वतः तलवार उचलायची नाही, बाकीच्यांनी येऊन लढायचं. (आजोळ सदाशिव पेठेतलं, दुसरं काय होणार!) आम्ही पाचवी आवृत्ती खेळतो. नियमांची पुस्तकं २०१४ ची, जोडीला झनाथर आणि टाशा ही पुरवणी पुस्तकं. पार्टी, म्हणजे आमच्या कॅरेक्टरांची टोळी, पाचव्या लेव्हलला आहे.

शेफर्ड ड्रुइड (प्राणी बोलावणारा), नेक्रोमॅन्सर विझार्ड (मेलेल्यांना उठवणारा), की टाशामधले एकेक जीव बोलावणारे समन स्पेल, म्हणजे मंत्र? डॅमेजची कोष्टकं ढिगाने मिळतात, ती नकोत. टेबलावर काय झालं ते सांगा. बाकीचे वैतागले का? खेळणाऱ्यालाच कंटाळा आला का? पाथफाइंडर हा तसाच दुसरा खेळ खेळणाऱ्यांनीही लिहा.

बाणेरचा मेंढपाळ

शेफर्ड ड्रुइड मी बराच काळ खेळलोय. ताकदीबद्दल शंका ठेवू नका. कोष्टक नको म्हणालात तरी एवढा हिशेब ऐका. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायची मोजून मिळणारी संधी) कंज्युअर ॲनिमल्स हा प्राणी बोलावायचा स्पेल टाकला की पाव सीआरचे (सीआर म्हणजे जीव किती भारी त्याचा आकडा) आठ प्राणी येतात. लांडगे धरा. एका चाव्याचं सरासरी डॅमेज ७, आणि सावजाला दुसरा सोबती भिडलेला असला की पॅक टॅक्टिक्स या त्यांच्या गुणामुळे ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. समोरच्याचा एसी (वार बसायला गाठावा लागणारा आकडा) १५ असेल तर चारातले तीन चावे बसतात. म्हणजे फेरीला चाळीसच्या वर, तेही पाचव्या लेव्हलला.

आता दुसरी बाजू. साध्या लांडग्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती डॅमेज सोसतो ते, ११. फायरबॉल या आगीच्या स्पेलचं सरासरी डॅमेज २८, सेव्ह (बचावाचा फासा) झाला तरी १४. एका स्पेलमध्ये कळप साफ. शेफर्डचा खरा फायदा इथे दिसतो. सहाव्या लेव्हलला मायटी समनर हा गुण मिळतो, बोलावलेल्या प्राण्याच्या प्रत्येक हिट डायमागे (हिट पॉइंट ठरवणारा फासा) २ हिट पॉइंट जास्त. लांडग्याचे डाय दोन, म्हणून ११ चे १५ होतात आणि सेव्ह केलेला लांडगा बहुतेक वेळा उभा राहतो. वर अस्वलाचा टोटेम, म्हणजे शेफर्ड उभा करतो तो आत्मा, लावला तर प्रत्येकाला ११ तात्पुरते हिट पॉइंट. क्रम मात्र सांभाळा: आधी प्राणी, मग टोटेम. ते पॉइंट टोटेम प्रकट होतानाच मिळतात, नंतर आलेल्याला काही नाही.

वेळेचं म्हणाल तर ॲडव्हान्टेज म्हणजे आठ लांडग्यांना सोळा फासे, शिवाय बसलेल्या प्रत्येक चाव्याला समोरच्याचा आडवं न पडण्याचा सेव्ह. मी फाशांच्या रंगीत जोड्या केल्या होत्या, एक जोडी एका लांडग्याची, सगळ्या एकदम टाकायच्या. पटावर ठेवायला मिनिएचर म्हणून तुळशीबागेतून प्लॅस्टिकच्या प्राण्यांचं पाकीट आणलं. त्यात लांडगा नव्हता. त्यामुळे आमच्याकडे ओग्र राक्षसाला गायी चावतात.

नळस्टॉपचा डीएम

वरच्या मेंढपाळाने एक गोष्ट सोयीस्कर गाळली. २०१४ च्या नियमांत खेळाडू किती प्राणी आणि कुठल्या सीआरचे एवढंच ठरवतो. नेमके कोणते, ते डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या हातात. आठ मागितले म्हणून आठ लांडगे मिळतीलच असं नाही, माझ्या मनात आलं तर आठ सांबरं येतील. मी तसा छळ करत नाही, पण पहिल्याच सेशनला हे बोलून घेतो. भाचीच्या डीएमने काय ठरवलंय ते आधी विचारा, बिल्ड नंतर.

मी वापरतो तो तोडगा डंजन मास्टर्स गाइडमध्येच आहे, जमावाच्या हल्ल्याचा. एसीमधून हल्ल्याचा बोनस वजा करायचा. १५ वजा लांडग्याचे ४ म्हणजे फाशावर ११ हवेत. ६ ते १२ हवे असतील तर दर दोन हल्लेखोरांमागे एक वार बसला असं धरायचं. आठ लांडगे, चार चावे, अठ्ठावीस डॅमेज, पुढचा. एकही फासा नाही. ॲडव्हान्टेज यात बुडतो, त्यामुळे ड्रुइडवाले कुरकुरतात. कुरकुरू देत. टेबलावर सहा माणसं असतात आणि रविवारी चारच्या आत कुणी येत नाही. दुपारी एक ते चार पुण्यात ड्रॅगनसुद्धा झोपतो.

विमाननगरची फायटर

समनर खेळत नाही, समनरच्या शेजारी बसते. पटावर मध्यम आकाराच्या एका शत्रूभोवती चौकटी आठ. आठ लांडगे आले की आठही भरल्या. स्वारगेटच्या बसच्या दारात लोंबकळावं तशी मी मागे उभी, हातात ग्रेटस्वोर्ड. भाचीला एवढंच सांगा, एक चौकट मोकळी ठेव.

औंधची नेक्रोमॅन्सर

मला नेक्रोमॅन्सरबद्दल जास्त बोलायचंय, कारण गाईडवाले त्याला ‘धनुर्धारी सांगाड्यांचा कारखाना’ म्हणून सोडून देतात.

आकडे आधी उरकते. सांगाडे उठवणाऱ्या ॲनिमेट डेडला कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लक्ष धरून ठेवणं) लागत नाही, हा सगळ्यात मोठा फरक. ड्रुइडला एक बाण नीट लागला, सेव्ह फसला, की सगळे प्राणी हवेत विरतात. माझे सांगाडे मी बेशुद्ध पडले तरी तिथेच असतात. सहाव्या लेव्हलला एका स्लॉटमध्ये एकाऐवजी दोन उठतात, सांगाड्याचे हिट पॉइंट १३ चे १९ होतात आणि बाणाच्या डॅमेजमध्ये प्रोफिशियन्सीचे, म्हणजे माझ्या कसबाचे, ३ मिळतात. सगळ्यांना एकच हुकूम, तो बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत. माझा टर्न ड्रुइडपेक्षा खूप लवकर संपतो.

पण ताबा २४ तासांचा. तो संपायच्या आत स्पेल पुन्हा टाकला नाही तर सांगाडे तुमचं ऐकत नाहीत. तिसऱ्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त चार जणांवर पुन्हा ताबा बसतो. म्हणजे फौज मोठी झाली की रोज सकाळी निम्मे स्लॉट हजेरी घेण्यातच जातात, आणि फायरबॉलची वेळ आली की हात रिकामे. हे लक्षात ठेवून मी फौज कधी वाढवली नाही.

खरी मजा लढाईबाहेर आहे. प्रत्येक गावाच्या वेशीवर प्रश्न. आमच्या डीएमचा पहारेकरी विचारतो, ‘हे कोण?’ मी म्हणते, ‘मामेभाऊ. उपास चाललेत.’ एका गावात तर मेलेल्याच्या बायकोने सांगाडा ओळखला आणि त्याच्या उधारीचे पैसे माझ्याकडे मागितले. अख्खं सेशन त्या वाटाघाटीत गेलं, फासा जेमतेम टाकला गेला. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खेळणारा मात्र त्यानंतर माझ्या कॅरेक्टरशी बोलेना. भाचीच्या पार्टीत पॅलाडिन किंवा क्लेरिक (पुजारी) असेल तर त्यांना आधी विचारा. नियमापेक्षा ते जास्त आडवे येतात.

पाथफाइंडर काका, कर्वेनगर

पोरांनो, समनर हा मुळात स्वतंत्र क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, आहे. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत २०१० साली आला. आयडोलॉन नावाचा एक जीव कायमचा तुमच्याशी बांधलेला, आणि त्याला इव्होल्यूशन पॉइंट खर्चून हात, पंजे, पंख जोडत बसायचं. आम्ही इतके हात जोडायचो की शेवटी २०१५ ला क्लास सुधारून काढावा लागला.

आता दुसऱ्या आवृत्तीत खेळतो, तिथला समनर २०२१ चा. भाचीला एकच जिवलग राक्षस हवा असेल तर यासारखं दुसरं नाही. दोघांचे हिट पॉइंट सामाईक, ॲक्शनही सामाईक. तीन ॲक्शनच्या टर्नमध्ये ‘ॲक्ट टुगेदर’ने चौथी निघते: एक जण मोठं काम करतो, दुसरा एक छोटं. एकाच आगीत दोघं सापडले तर दोनदा भाजत नाहीत, दोघांतलं जास्त डॅमेज एकदाच लागतं. टर्न आटोपशीर राहतो.

पण फौज हवी असेल तर इकडे येऊ नका. इथले समन स्पेल मुद्दाम बोथट आहेत. टाकायला तीन ॲक्शन, पुढे दर टर्नला टिकवायला एक. तिसऱ्या रँकच्या, म्हणजे पायरीच्या, स्पेलमध्ये येणारा प्राणी दुसऱ्या लेव्हलचा, तुम्ही पाचव्या. तो शत्रूच्या मागच्या बाजूला उभा करायचा, शत्रूचा एसी दोनने पाडायचा आणि एक वार त्याच्या अंगावर जाऊ द्यायचा. तेवढ्याचे पैसे वसूल.

धागाकर्ता

काका, फौजच हवी म्हणतेय. पण सोळा फाशांचं वाचून माझाच धीर सुटला. टाशाचं कुणी खेळलंय का? आणि २०२४ च्या पुस्तकात कंज्युअर ॲनिमल्स बदललाय म्हणतात, ते काय?

नळस्टॉपचा डीएम

२०२४ मध्ये प्राणी येतच नाहीत. प्राण्यांच्या छायांचा एक कळप फिरतो, जवळ येणाऱ्याला डेक्स (चपळाईचा) सेव्ह, फसला तर ३ डी १० (दहा बाजूंचे तीन फासे) डॅमेज. डीएम म्हणून मी सुखी. ड्रुइडवाल्यांना विचारू नका.

पाषाणची, मूळची सावंतवाडीची

टाशाचं मी खेळते. एक स्पेल, एक जीव. त्याचा टर्न तुमच्या लगेच नंतर, आकडे स्लॉटप्रमाणे वाढतात, सगळं एका कार्डावर मावतं. नवीन खेळाडूला हेच द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

एक खाच आहे. हल्ल्यांची संख्या स्लॉटच्या लेव्हलच्या निम्मी, खाली पूर्णांकात. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटला एकच हल्ला, चौथ्या लेव्हलच्या स्लॉटला दोन. म्हणून पाचव्या-सहाव्या लेव्हलला हे फिकं वाटतं, कॅरेक्टर सातव्या लेव्हलला जाऊन चौथ्या लेव्हलचा स्लॉट हातात आला की एकदम जीव येतो. भाचीला तोवर धीर धरायला सांगा.

आणि फौज नसली तरी फौजेचा थाट करता येतो. आमच्या डीएमने नावं बदलायला मोकळीक दिली, मी सगळी भुतं कोकणातली घेतली. समन अनडेडची तीन रूपं: भुताळी तो मुंजा, कुजका तो गिऱ्हा, सांगाडा तो नुसता हाडक्या. गिऱ्ह्यापासून जपा, त्याच्याजवळ टर्न सुरू करणाऱ्या मित्रालाही विषाचा सेव्ह करावा लागतो, फक्त बोलावणारा सुटतो. समन फेमधला परीलोकातला जो जीव पाच फुटांची चौकट अंधाराने भरतो, तो आमचा चकवा. एका कॅम्पेनची सुरुवात डीएमने वेताळ टेकडीवरच्या देवळातून केली आणि मी तिथली भगतीण झाले. आता पार्टीतल्या बंगळुरूच्या मुलालाही खवीस आणि समंध यांतला फरक कळतो.

औंधची नेक्रोमॅन्सर

पाषाणकर ताई, हाडक्या ढापला आहे.

टाशाच्या बाजूने बोलताना साहित्याचा खर्च कुणी सांगितला नाही. समन अनडेडला सोन्याचा मुलामा दिलेली कवटी, समन फेला तसंच फूल, दोन्ही किमान ३०० सुवर्णनाण्यांची. समन बीस्ट या पशूच्या स्पेलचं ओकफळ २०० चं. एकदा घेतलं की संपत नाही, पण पाचव्या लेव्हलला नव्याने येणाऱ्या कॅरेक्टरकडे ते असेलच असं नाही. कॅरेक्टर बनवतानाच भाचीने डीएमकडे मागून घ्यावं. पहिल्या सेशनला सगळे खूश असतात, तेव्हा मिळून जातं.