किक-बेसचं भांडण आणि तंबोऱ्यातला गंधार

गाण्याचं मिक्सिंग करताना ईक्यूनं (ठरावीक कंपनसंख्यांचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस (खालच्या सुरांचं वाद्य) दोन्हींना ६० हर्ट्झला उचललं तरी दणका का बसत नाही, असं एकानं विचारलंय. अहो, म्हणूनच बसत नाही! दोघं एकाच जागेसाठी भांडतात आणि लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारं साधन) आधी दमतो. किकला ५५ च्या आसपास राहू द्या, बेसमधून तिथलेच ३-४ डेसिबल काढा आणि बेसचा अंगभरपणा १०० ते १५० मध्ये शोधा. आपल्या सांगलीत गाणं शेवटी डॉल्बीवरच वाजणार, त्यामुळे ३० हर्ट्झच्या खालचं बिनधास्त छाटा. ऐकू फारसं येत नाही, अँप्लिफायर मात्र तापतो. फक्त फिल्टरचा उतार फार तीव्र नको, फेज (लहरींची वेळेतली जागा) फिरतो. लिनिअर फेज (फेज न बिघडवणारा फिल्टर) लावाल तर ठोक्याच्या आधीच भुताटकीसारखी गुणगुण येऊ शकते, ते मला त्याहून वाईट वाटतं.

ही झाली डागडुजी. खरी मजा ईक्यू वाद्यासारखा वाजवण्यात आहे. मिरजेचा तंबोरा काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी, सी शार्प) लावून रेकॉर्ड करा. षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. ईक्यूवर एक अरुंद बेल (घंटेच्या आकाराचा उंचवटा) घ्या, क्यू (अरुंदपणाचा आकडा) १० च्या पुढे, ९ डेसिबल वर, आणि ऑटोमेशननं (सॉफ्टवेअरकडून आपोआप) ४१६ पासून ६९३ हर्ट्झपर्यंत सावकाश सरकवा. आधी पंचम उजळतो, ५५४ ला षड्ज, मग ६९३ ला गंधार, जो कुणी छेडलेलाच नाही! जवारीमुळे (तार घोडीला हलकेच घासून येणाऱ्या झंकारामुळे) हे वरचे स्वर तारेत भरपूर असतात. हलगीवर मात्र हे जमत नाही, तिच्यात असे सरळ पटीतले स्वर नसतात. तिथं त्रासदायक घुमारा शोधून कापलेलाच बरा.